तारीख पाळणारी फाउंड्री कशी मिळते?

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझं वय २८, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत बाबांचं मशीनशॉप आहे आणि दोन वर्षांपासून तिथलं स्टोअर नि खरेदी मी बघते. कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) येतं, आम्ही मशीनिंग करून पुण्याच्या एका कंपनीला देतो आणि ती पुढे ट्रॅक्टरवाल्यांना.

अडचण अशी की स्टोअर खच्चून भरलंय, तरी लागतो तो नग सापडत नाही. फाउंड्री दहा दिवस सांगते. माल कधी आठव्या दिवशी येतो, कधी विसाव्या. पुण्याचं शेड्यूल महिन्यातून दोनदा बदलतं. मागच्या महिन्यात आमच्यामुळे त्यांची लाइन थांबायची वेळ आली, तेव्हा रात्रीत टेम्पो करून माल पाठवावा लागला. बाबा म्हणतात, "अजून माल भरून ठेव." इकडे बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट संपत आलीय. फाउंड्रीवाले काका बाबांचे जुने मित्र, त्यामुळे त्यांना काही बोलायची सोय नाही. आमच्याकडूनही त्यांचे पैसे तीन-तीन महिने जात नाहीत, हे खरं आहे. एक सॉफ्टवेअरवाला चार लाखांचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय. आणि पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या सप्लाय चेन विभागात मला नोकरी मिळतेय. काय करू?

एक वाचक, शिरोली

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून गेलात: माल कधी आठव्या दिवशी येतो, कधी विसाव्या. तुमच्या स्टोअरमधल्या ढिगाचं मूळ तिथे आहे. पुण्याच्या बदलत्या शेड्यूलचा वाटा त्या मानाने लहान आहे, बाबांच्या सवयीचा त्याहून लहान. हे मी अंदाजाने म्हणत नाही. एका नगाचा हिशोब करून बघू. घरात आवाज चढण्यापेक्षा कागदावर आकडे मांडलेले बरे.

उदाहरणापुरतं असं धरा की एका कास्टिंगचा तुमचा खप रोज सरासरी ६० आहे आणि तो रोज पंधराएक नगांनी वरखाली होतो. ऑर्डर दिल्यापासून माल यायला सरासरी १३ दिवस लागतात आणि त्या दिवसांतही साधारण तीन दिवसांची हालचाल आहे. हालचाल म्हणजे शाळेत शिकलो ते प्रमाणित विचलन, आकडे सरासरीपासून साधारण किती सरकतात त्याचं माप; एक्सेलमध्ये एका सूत्रात निघतं. आता लाइन थांबू नये म्हणून रॅकवर किती जास्तीचा माल हवा? दिवसांच्या हालचालीचा भाग ६० गुणिले ३, म्हणजे १८०. खपाच्या हालचालीचा भाग १५ गुणिले १३ चं वर्गमूळ, म्हणजे ५४. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १८८ येतात. शंभरातल्या ९५ वेळा तरी माल कमी पडू नये असं ठरवलं तर त्याला १.६५ ने गुणायचं (९५ टक्क्यांसाठीचा हा आकडा सांख्यिकीच्या तक्त्यातला). झाले ३१० नग.

आता एकेक गोष्ट सुधारून पाहा. समजा पुण्याची कंपनी अचानक शहाणी झाली, शेड्यूल कधीच बदलत नाही, रोज बरोबर ६० नग उचलते. तरीही तुम्हाला २९७ नग ठेवावे लागतील. एवढ्या मोठ्या सुधारणेने वाचले फक्त तेरा. समजा फाउंड्री लवकर माल द्यायला लागली, सरासरी १३ ऐवजी १० दिवस, पण कधी लवकर कधी उशिरा हे तसंच राहिलं. मग ३०७ ठेवावे लागतील. ऑर्डरीत अडकलेला माल कमी होईल, तुमच्या रॅकवरचा जवळजवळ तेवढाच राहील. आणि समजा फाउंड्री तेरा दिवसच घेते, पण आपली तारीख पाळते, एखाद्या दिवसाचाच फरक पडतो. मग १३३ पुरतात. निम्म्याहून कमी.

हा आकडा पहिल्यांदा समोर येतो तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, म्हणून तुमच्या स्वतःच्या नोंदींवर करून बघा. गेटवरचं इनवर्ड रजिस्टर (आत आलेल्या मालाची वही) आणि ऑर्डरींची फाइल घ्या. एकाच नगाच्या वर्षभरातल्या सगळ्या ऑर्डरी काढा, प्रत्येकीपुढे ऑर्डरीची तारीख आणि माल पूर्ण आला ती तारीख. "पूर्ण" महत्त्वाचं आहे. हजारातले सहाशे आले आणि उरलेले पंधरा दिवसांनी आले, तर दुसरी तारीख धरायची. रिजेक्शनही त्यात धरा. कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे आतली हवेची पोकळी, इनवर्डला दिसत नाही, दुसरा कट मारल्यावर उघडा पडतो. तोवर तो नग तुमच्या स्टॉकमध्ये चांगला म्हणून मोजलेला असतो आणि बदली नग यायला पुन्हा पूर्ण तेरा दिवस लागतात. तुमच्याकडे शंभरातले सहा नग असे जात असतील, तर ऑर्डरही त्या हिशोबाने वाढवून द्यायची, नाहीतर दर महिन्याला तेच सहा टक्के कमी पडत राहणार.

म्हणजे तुम्हाला वेगवान फाउंड्री नकोय, तारीख पाळणारी हवी. ती मिळवायचा रस्ता मात्र तुमच्या स्वतःच्या ऑफिसातून जातो, आणि मला तुमच्याशी बोलायचंय ते मुख्यतः त्याबद्दल.

काकांच्या बाजूने बघा. फाउंड्रीत तुमचा एक नग निघायचा तर पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) मोल्डिंगला चढवावा लागतो, कोअर (आतल्या पोकळीसाठीचे वाळूचे गाभे) आधी तयार लागतात, तुमच्या ग्रेडची हीट, म्हणजे त्या प्रतीच्या धातूची भट्टीची खेप, लागते, मग ओतकाम, थंड होणं, शॉटब्लास्ट, फेटलिंग अशी साफसफाई. एका ग्रेडची भट्टी लावली की त्या ग्रेडचे जितके पॅटर्न बसतील तितके त्या पाळीत काढायचे, हे त्यांचं गणित. तुम्ही काय करता? बहुधा दीड महिना काही मागत नाही, मग एकदम अडीच हजार मागता आणि दुसऱ्या दिवसापासून फोन, "काका, अर्जंट आहे." त्यांच्याकडे असे दहा मशीनशॉपवाले आहेत आणि सगळ्यांचं अर्जंट आहे. मग ते ठरवतात कसं? ज्याचे पैसे वेळेवर येतात त्याचा पॅटर्न आधी चढतो. कोल्हापुरात हे कुणी तोंडावर सांगणार नाही, पण फाउंड्रीच्या लाइनीत असंच चालतं. तीन महिन्यांची उधारी ठेवणाऱ्या मित्राला ते दहा दिवस सांगतात तेव्हा खोटं बोलत नसतात, सगळं जमून आलं तर दहा दिवसांत देऊ असं सांगत असतात.

गिऱ्हाइकाकडून पुरवठादाराकडे मागे जाता जाता मागणी कशी फुगत जाते, यावर पुष्कळ काम झालंय. १९९७ मध्ये हाऊ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत लिहिलेला एक लेख त्यासाठी आजही वाचला जातो. त्यात प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लंगोटांचं उदाहरण आहे. बाळं रोज जवळपास तेवढेच लंगोट वापरतात, दुकानातली विक्रीही फारशी हलत नव्हती. पण वितरकांकडून येणाऱ्या ऑर्डरी जोरात वरखाली व्हायच्या आणि कंपनीच्या कच्च्या मालाच्या ऑर्डरी त्याहून जोरात. यात कुणी मूर्ख नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाच केला होता: थोडं जास्त मागवून ठेवू, गाडी भरेल इतकं एकदम मागवू, स्वस्त आहे तोवर उचलू, टंचाई दिसली तर दुप्पट मागू म्हणजे निम्मं तरी मिळेल. ही चारही कारणं त्या लेखात आहेत आणि तुमच्याकडेही ती असणार असं मला पत्रावरून वाटतं. समजा पुण्याचं शेड्यूल १,५०० वरून २,००० झालं की बाबा फाउंड्रीला तीन हजार सांगतात. पुढच्या महिन्यात शेड्यूल १,३०० वर आलं की फाउंड्रीला शून्य. ट्रॅक्टरवाल्याची लाइन कदाचित शेकडा दहाने हलली असेल. काकांपर्यंत पोचताना ती सगळी किंवा काहीच नाही अशी झाली.

म्हणून पहिलं काम: ऑर्डर छोटी करा आणि वार ठरवा. रोजचे ६० तर आठवड्याचे ३६०. दर मंगळवारी ३६० नगांची गाडी, महिन्याचे चार मंगळवार आधीच लिहून दिलेले. पुण्याचं शेड्यूल बदललं तरी चालू आठवडा आणि पुढचा आठवडा हलवायचा नाही. त्यानंतरचे आठवडे हलवायचे, तेही फार तर शेकडा वीसने. मधला फरक तुमचं रॅक सोसेल, तेवढ्यासाठीच तर ते तीनशे नग ठेवलेत. काका सुरुवातीला म्हणतील, ३६० साठी पॅटर्न चढवणं परवडत नाही. मग दोन आठवड्यांचे एकदम ७२०, पण ठरलेल्या वारी. त्यांना आकाराइतकीच ठरावीकपणाची किंमत आहे. पुढचे दोन महिने कुठल्या दिवशी कोणता पॅटर्न चढणार हे आधी माहीत असलेला फाउंड्रीवाला कोअर आधी करून ठेवू शकतो, ग्रेडच्या हीट जुळवून घेऊ शकतो. आज तुमच्याबाबतीत त्याला यातलं काही करता येत नाही.

दुसरं काम पैशाचं आणि ते पहिल्याइतकंच जरुरीचं आहे. फाउंड्री उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. मित्र म्हणून काका ते मागणार नाहीत. पण २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात जी तरतूद आली, ती मैत्री बघत नाही: मुदतीत न दिलेली अशी देणी वर्षअखेरीला थकलेली असतील, तर त्या वर्षी तो खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच धरता येतो. तुमच्या सीएंना विचारा, गेल्या ३१ मार्चला फाउंड्रीचं किती देणं होतं आणि त्यापायी किती कर भरला. बाबांना पटवायला तो एक आकडा पुरेल.

बाबा विचारतील, पुण्याहून पैसे नव्वद दिवसांनी येतात, मग मी पंचेचाळीसला देऊ कुठून? प्रश्न रास्त आहे. हाच कायदा तुमच्या बाजूनेही लागू आहे, तुम्हीही लघु उद्योग आहात. पण गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला कोणी धजत नाही, मीही तो सल्ला देणार नाही. त्याऐवजी ट्रेड्सचा (TReDS) रस्ता बघा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे हे मंच आहेत. तुमचं बिल पुण्याच्या कंपनीने तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि व्याज कापून पैसे थोड्याच दिवसांत तुमच्या खात्यात येतात. व्याजदर त्या मोठ्या कंपनीची पत बघून ठरतो, म्हणून तुमच्या सीसीपेक्षा तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो. आणि कंपनीने मुदतीला पैसे नाही दिले तरी बँक ते तुमच्याकडे मागत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा तुमचं गिऱ्हाईक बहुधा तिथे असेलच, फक्त तुमची बिलं तिथे चढत नसतील. त्यांच्या अकाउंट्समध्ये फोन करून विचारायला काही लागत नाही.

मग बाबांना घेऊन काकांकडे जा. एकट्या जाऊ नका. बाबांच्या मागे परस्पर काही ठरवलं असं दोघांनाही वाटता कामा नये. तक्रारीचा कागद नेऊ नका. दोन महिन्यांचे मंगळवार आणि पैशाची तारीख लिहिलेला कागद न्या आणि सरळ विचारा: "काका, आम्ही इतकं पाळलं तर तुम्हाला कोणती तारीख छातीवर हात ठेवून सांगता येईल?" ते चौदा दिवस म्हणाले तर चौदा मान्य करा. पंधरा म्हणाले तरी करा. घासाघीस करून दहावर आणलेली आणि न पाळलेली तारीख तुम्हाला किती महाग पडते ते वर आपण बघितलंय. मैत्रीमुळे बोलता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, दोघांनाही एकमेकांचं देणं लागत असल्याने बोलता येत नाही. एकाचे पैसे थकलेत, दुसऱ्याच्या तारखा. त्यातलं एक तुम्ही मिटवलंत तर दुसऱ्याची गोष्ट आपोआप काढता येईल.

आता नदीबद्दल. तुमची फाउंड्री पंचगंगेच्या दक्षिणेला आणि तुमचं शॉप उत्तरेला. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि रस्ता काही दिवस बंद राहिला, गाड्यांच्या रांगा लागल्या. वर जो ३१० चा हिशोब केला त्यात हे बसत नाही. तो रोजच्या चढउतारांचा हिशोब आहे. पूर त्या जातीचा नाही. तो कुठल्या महिन्यांत येऊ शकतो ते आपल्याला माहीत आहे, म्हणून त्याच्यासाठी माल वेगळा ठेवायचा, वेगळ्या नावाने आणि ठरावीक मुदतीसाठी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुख्य नगांचा एक आठवड्याचा जास्त माल नदी ओलांडून शिरोलीत आणा आणि गणपतीनंतर तो वापरून टाका. सप्टेंबरअखेर तो रॅकवर दिसला तर समजा की तो नेहमीच्या ढिगात मिसळला. त्याच कारणासाठी, जो एक नग नसला तर पुण्याची लाइन थांबते त्याच्यासाठी शिरोलीतच दुसरी फाउंड्री तयार करण्याचा विचार करा. त्याला वेळ लागतो: दुसरा पॅटर्न, सॅम्पल, पुण्याच्या कंपनीकडून पीपीएपीची, म्हणजे भाग नियमित पुरवायला सुरुवात करण्याआधीची, मंजुरी. काकांना हे आधी सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. वर्षातला बराचसा माल त्यांच्याकडेच राहील हेही सांगा. दुसऱ्या फाउंड्रीचं भय दाखवून भाव पाडायचा विचार मनात असेल तर मात्र हा रस्ता धरू नका, त्याने आहे तो भरवसाही जाईल.

इथे टोयोटाचा विषय निघतोच, कारण स्टॉक कमी करा म्हणणारा प्रत्येक जण टोयोटाचं नाव घेतो. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळपास सगळा तिथूनच यायचा आणि हाताशी साठा होता काही तासांचा. कारखाने बंद पडले. पण आठवडाभरात उत्पादन बरंचसं पूर्वपदावर आलं, कारण कितीतरी पुरवठादारांनी, त्यांत शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीही होती, आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढून द्यायला सुरुवात केली. करार नंतर, काम आधी. पुढे २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांचे पुरवठादार कोण याची यादी केली आणि ज्या चिप परत मिळायला महिने लागतात त्यांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. २०२१ च्या सुरुवातीला बाकीच्या कंपन्या चिपअभावी लाइन बंद करत होत्या तेव्हा ती त्यामुळेच जास्त तग धरू शकली. म्हणजे शून्य स्टॉकचा दाखला ज्या कंपनीचा देतात, तिनेच हवा तिथे सहा महिन्यांपर्यंतचा माल ठेवायला लावला. बाबांना हे सांगा. "माल कमी कर" असं तुम्ही म्हणताय हे ऐकलं की ते घाबरणार. कुठला माल कशासाठी आहे हे लिहून ठेवू, असं म्हणून बघा.

बाबांची भीती मला पोकळ वाटत नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा पिग आयर्नचे, म्हणजे फाउंड्रीत वितळवायच्या कच्च्या लोखंडाचे, भाव चढले, कारण रशिया आणि युक्रेन हे दोघेही त्याचे मोठे निर्यातदार. ज्यांनी आधी माल भरून ठेवला होता त्यांना त्या वेळी फायदा झाला, हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी बघितलंय. पण भाव वाढेल म्हणून घेतलेला माल आणि लाइन थांबू नये म्हणून घेतलेला माल यांची खाती वेगळी हवीत. पहिल्या खात्यात किती पैसा लावायचा हे बाबांनी वर्षाच्या सुरुवातीला ठरवावं, आणि त्यावर सीसीचं व्याज किती गेलं नि भावात किती मिळाले हे वर्षअखेरीला बघावं. दुसऱ्या खात्याचा आकडा हिशोबाने येतो, त्यात मताला जागा नाही.

एक गोष्ट तुमच्या रॅकवर जाऊनच बघावी लागेल. तुमच्याकडे एकाच कास्टिंगमधून दोन-तीन वेगवेगळे तयार नग निघतात का? भोक वेगळं, एक फेस जास्त, एवढाच फरक असतो बऱ्याचदा. तसं असेल तर तयार नग करून ठेवू नका, कच्चं कास्टिंग ठेवा, किंवा सगळ्यांना सारखी असलेली ऑपरेशनं करून तिथे थांबवा. १९९० च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्डने प्रिंटरच्या बाबतीत हेच केलं. देशानुसार लागणारा वीजपुरवठ्याचा भाग आणि पुस्तिका कारखान्यात न जोडता युरोपातल्या गोदामात जोडायला सुरुवात केली, त्यामुळे जर्मनीसाठी बनवलेला प्रिंटर पडून आणि फ्रान्सला हवा तो नाही, ही अडचण कमी झाली. तुमची "खच्चून भरलंय पण लागतो तो नग नाही" ही तीच अडचण आहे. शेवटचं ऑपरेशन दोन दिवसांचं असेल तर ते शेड्यूल पक्कं झाल्यावरच करा.

पुण्याच्या कंपनीकडे शेड्यूल बदलू नका म्हणून भांडण्यात शक्ती घालवू नका. दर महिन्याला पहिल्या शेड्यूलचा आकडा आणि प्रत्यक्ष उचललेला आकडा शेजारी शेजारी लिहा. सहा महिन्यांनी ते कागद घेऊन त्यांच्या खरेदीवाल्याला भेटा आणि फक्त पुढचा एक आठवडा पक्का मागा. त्यांच्या लाइनवर रोज प्रत्यक्षात किती नग लागतात, हा आकडा मिळाला तर उत्तम. तो बऱ्याचदा खरेदीवाल्याकडे नसतो, तिथल्या स्टोअरच्या माणसाकडे असतो.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. चार लाखांचं पॅकेज तुम्हाला सांगेल की कॉम्प्युटरवर ४०० नग आहेत, आणि रॅकवर ३४० असतील. आधी दर शनिवारी दहा-पंधरा नग हाताने मोजा, सगळ्यात पैसा अडकवणारे आधी, आणि फरक का पडला ते त्याच दिवशी शोधा: जॉबवर्कला गेलेला माल चलनात राहिला, रिजेक्शन लिहायचं राहिलं, रात्रपाळीने न लिहिता उचललं. तीन महिने मोजणी जुळायला लागली की साध्या एक्सेलवरही तुमचं काम चालेल, आणि पुढे सॉफ्टवेअर घेतलंच तर त्याच्याकडून काय हवंय हे तुम्हाला सांगता येईल. ते चार लाख आत्ता काकांच्या थकलेल्या बिलांत घाला.

न हलणाऱ्या मालाबद्दल थोडक्यात. दोन वर्षांत न लागलेलं कास्टिंग काकांना भंगाराच्या भावाने परत द्या, त्यांच्या भट्टीत ते चालतं. तयार नग असतील तर पुण्याच्या कंपनीला स्पेअर्ससाठी एकदा विचारून बघा, मग भंगार. बाबांना त्रास होईल. त्यांना एकट्याने ठरवू द्या, पण यादी तुमची असू द्या.

सुरुवात एकाच नगाने करा, जो सगळ्यात जास्त खपतो त्याने. सगळं स्टोअर बदलायला गेलात तर पहिल्याच महिन्यात काहीतरी अडेल आणि दोष तुमच्या पद्धतीवर येईल. एका नगावर तीन महिने मंगळवार पाळले गेले, पैसे तारखेला गेले, रॅकवरचा आकडा उतरला आणि लाइन थांबली नाही, तर दुसऱ्या नगासाठी बाबा स्वतः विचारतील.

राहिली नोकरी. तिथे तुम्हाला मोठी साखळी बघायला मिळेल, पगार ठरलेल्या दिवशी मिळेल आणि कामाला वेळेची मर्यादा असेल. यातलं काहीच कमी लेखू नका. माझं मत विचाराल तर या क्षणी शिकण्यासारखं जास्त शिरोलीत आहे, कारण तिथे गिऱ्हाईक, माल, पैसा आणि पुरवठादार चारही गोष्टी एका टेबलावर येतात. मोठ्या कंपनीत पहिली पाच वर्षं त्यातली एकच वाट्याला येते. पण माझं हे मत एका अटीवर आहे. तुम्ही लिहिलंय की खरेदी तुम्ही "बघता". ऑर्डर जाते कुणाच्या सहीने? फाउंड्रीला तीन हजार सांगणारा फोन अजून बाबाच करत असतील, तर तुम्ही स्टोअरच्या मोजणीपुरत्याच आहात आणि वरचं काहीही तुमच्या हातात नाही. बाबांकडे एका नगाच्या ऑर्डरीची आणि त्या नगाच्या पेमेंटच्या तारखेची सही मागा, बाकी सगळं त्यांच्याकडे राहू द्या. पुण्याच्या कंपनीकडून रुजू व्हायला महिन्याभराची मुदत मागून घ्या. तेवढ्यात सही मिळाली तर थांबा. नाही मिळाली तर रुजू व्हा, आणि बाबांना तसं आधीच सांगून ठेवा.